जुन्या ॲस्ट्राला समायोज्य कॉइलओव्हर : मोजणी, घडवणी आणि जोडणी

वडोदऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या हालोल येथे जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ओपल ॲस्ट्रा बनवायला सुरुवात केली. त्या काळी दांडिया बाजार, रावपुरा भागातील आपल्या मराठी घरांतूनही या गाड्या आल्या. त्यांतलीच एक आमच्या घरी आली आणि ती आजही चालते. मात्र कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवल्यापासून सुटे भाग मिळणे कठीण होत गेले. पुढचे शॉकअप गळू लागले, स्प्रिंगा बसल्या आणि बाजारात जोडी मिळेना, तेव्हा समोर दोनच वाटा होत्या. एक म्हणजे दुसऱ्या एखाद्या गाडीचे भाग ठोकून-ठाकून बसवणे आणि दुसरी म्हणजे स्ट्रटचे, म्हणजे पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबाचे, मूळ नळकांडे ठेवून त्यावर आटे असलेली बाही (बाहेरून चढणारी नळी), नवी स्प्रिंग आणि बदलता येणारे कार्ट्रिज (शॉकअपचा आतला भाग) बसवणे. शॉकअपवर चढवलेल्या, उंची बदलता येणाऱ्या अशा स्प्रिंगच्या जोडणीलाच कॉइलओव्हर म्हणतात. मी दुसरी वाट धरली. त्या कामाची पूर्ण रीत इथे मांडत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कॉइलओव्हर म्हणजे गाडी जमिनीला चिकटवण्याचे साधन, अशी समजूत पसरलेली आहे आणि बहुतेक फसलेली कामे तिच्यातूनच जन्मतात. उंची हा या कामातला शेवटचा आकडा आहे. पहिला आकडा म्हणजे चाकाला वर जाण्यासाठी आणि खाली सुटण्यासाठी मिळणारी जागा, म्हणजेच ट्रॅव्हल. तो ठरला की स्प्रिंगचा ताठरपणा, तिची लांबी, बाहीची जागा हे सगळे त्याच्यामागून येते.

मोजणी

गाडी सपाट फरशीवर उभी करावी, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवावी आणि चालकाच्या आसनावर साधारण ७० किलो वजन ठेवावे. आम्ही वाळूच्या दोन गोणी ठेवल्या होत्या. मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून वहीत लिहावे. जमिनीपासून मोजलेली उंची टायरच्या झिजेने आणि हवेने बदलते, चाकाच्या मध्यापासून मोजलेली बदलत नाही. यानंतर गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढची दोन चाके काट्यावर ठेवावीत व पुढच्या धुरीचे वजन घ्यावे. मागच्या धुरीचेही तसेच घ्यावे.

पुढची मोजणी स्प्रिंग काढूनच करावी लागते आणि ती कोणी करत नाही. स्ट्रट उतरवून, स्प्रिंग वेगळी करून, तोच स्ट्रट स्प्रिंगविना गाडीवर परत चढवायचा. आता चाकाखाली जॅक लावून ते हळूहळू वर उचलत न्यायचे. बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा रबरी अडसर) कुठे टेकतो, पूर्ण दाबल्यावर चाक कुठवर जाते, टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला कुठे लागतो, ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन किती होतो, हे सगळे इथे डोळ्यांनी दिसते. मग जॅक सोडून चाक पूर्ण लोंबकळू द्यावे आणि ब्रेकचा होज ताणला जातो का ते पाहावे. दोन्ही टोकांना स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून पुन्हा पाहावे. याच वेळी चाक बरोबर ५० मिलिमीटर वर उचलून स्ट्रटची लांबी किती घटली तेही मोजावे, कारण त्या दोन आकड्यांचे गुणोत्तर पुढच्या हिशेबात लागते. ॲस्ट्राच्या पुढे असलेल्या मॅकफर्सन प्रकारच्या स्ट्रटमध्ये ते १ च्या थोडे खाली येते. आमच्याकडे ते ०.९५ आले.

माझ्या गाडीला चालू उंचीपासून वर ७० मिलिमीटर (त्यात शेवटचे २५ बंप स्टॉप दाबण्यात जातात) आणि खाली ८० मिलिमीटर स्ट्रटचा ट्रॅव्हल हवा, असे या मोजणीतून ठरले. आपल्या शहरातले गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे रस्ते पाहता वरचा आकडा ६० च्या खाली नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. या हिशेबात मूळ उंचीपेक्षा साधारण २५ मिलिमीटर खाली जाता येते. त्याहून खाली जायचे असेल तर स्ट्रटचे नळकांडे कापून आखूड करावे लागते, चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचे कोन बिघडतात आणि टाय रॉडची (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याची) भूमिती बिघडून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढले जाते. घरच्या गाडीसाठी मी ते सुचवणार नाही.

स्प्रिंगचा हिशेब

समजा पुढच्या धुरीवर ६८० किलो भरले. एका चाकावर ३४० किलो आले. त्यातून चाक, ब्रेक, नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) यांचे साधारण ३५ किलो वजा केले की स्प्रिंगवर तोललेले वजन ३०५ किलो राहते. गाडी स्प्रिंगवर दर सेकंदाला किती वेळा वरखाली झुलते, तो तिचा नैसर्गिक दर असतो. आरामशीर गाड्यांत तो १ ते दीड हर्ट्झच्या दरम्यान असतो, खेळकर गाड्यांत दीड ते दोन. मी दीड धरला. तोललेले वजन गुणिले (२ × ३.१४ × १.५) चा वर्ग, असे केले की चाकापाशी लागणारा ताठरपणा मिळतो : ३०५ × ८८.८ म्हणजे सुमारे २७,१०० न्यूटन प्रति मीटर, अर्थात मिलिमीटरला २७.१ न्यूटन. स्प्रिंग चाकापाशी नसून स्ट्रटवर आहे, म्हणून याला ०.९५ च्या वर्गाने भागायचे. उत्तर येते मिलिमीटरला ३० न्यूटन, म्हणजे साधारण ३ किलो प्रति मिलिमीटर किंवा इंचाला १७० पौंड. दुकानदार या तिन्ही एककांत बोलतात, त्यामुळे तिन्ही लिहून ठेवावीत.

आता लांबी. उभ्या गाडीत स्प्रिंगवर येणारे बल सुमारे ३,१५० न्यूटन आहे, म्हणजे स्प्रिंग १०५ मिलिमीटर दबलेली असणार. तिच्यावर ७० मिलिमीटर ट्रॅव्हल आणि कड्या एकमेकींना भिडू नयेत म्हणून १० मिलिमीटर राखीव. एकूण १८५ मिलिमीटर दबण्याची क्षमता हवी. ६३ मिलिमीटर आतील व्यासाच्या, ११ मिलिमीटर तारेच्या स्प्रिंगला हा ताठरपणा मिळवण्यासाठी सुमारे १२ काम करणाऱ्या कड्या लागतात. टोकांच्या बसक्या कड्या धरून एकूण १४, म्हणजे पूर्ण दाबल्यावर १५४ मिलिमीटर. १५४ आणि १८५ मिळून मोकळी लांबी ३४० मिलिमीटरच्या आसपास येते. उभ्या गाडीत ती २३५ राहील, चाक पूर्ण लोंबकळले की ३१५. म्हणजे त्या टोकालाही २५ मिलिमीटर दाब उरतो आणि स्प्रिंग आपल्या जागेवरून सुटत नाही.

हा हिशेब मी पहिल्या खेपेला केला नव्हता. ३० न्यूटनचा आकडा काढला, तेवढ्याच ताठरपणाची २५० मिलिमीटर लांबीची तयार स्प्रिंग मिळाली आणि मी ती बसवली. अकोटा पुलाकडे जाताना एका गतिरोधकावर पुढून हातोडा मारल्यासारखा आवाज आला. घरी येऊन स्ट्रट उतरवला तेव्हा मधल्या चार कड्यांवरचा रंग उडून, जिथे त्या एकमेकींवर आदळल्या होत्या तिथे बोटभर लांबीचे आरशासारखे चकचकीत पट्टे उमटले होते आणि वरच्या माउंटचे रबर कडेने फाटले होते. स्प्रिंगमध्ये ताठरपणा बरोबर होता, जागा नव्हती. असे पट्टे कुठल्याही जुन्या स्प्रिंगवर दिसले तर ती लांबीला कमी पडते आहे असे खुशाल समजावे.

मूळ स्प्रिंगच्या कड्या कापून गाडी खाली बसवण्याची पद्धतही प्रचलित आहे. कड्या कमी झाल्या की ताठरपणा वाढतो हे खरे, पण दबण्याची क्षमता त्याच वेळी घटते आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. गॅसने कापले असेल तर टोकाजवळचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणाही, उतरतो. ती वाट सोडून द्यावी.

स्प्रिंग वळून घ्यायची असेल तर औद्योगिक स्प्रिंगा करणाऱ्याला तारेची जाडी, आतील व्यास, एकूण कड्या, मोकळी लांबी आणि दोन्ही टोके घासून सपाट, एवढे लिहून द्यावे. साहित्य क्रोम-व्हॅनेडियम किंवा क्रोम-सिलिकॉन असावे. हाती आल्यावर प्रेसवर ती तीनदा पूर्ण दाबून सोडावी आणि लांबी पुन्हा मोजावी. लांबी घटली तर कारखान्यात तिला आधी दाबून घेतलेले नाही आणि ती गाडीवर खचत जाणार. तसे झाल्यास परत करावी.

स्ट्रट उघडणे

ॲस्ट्राच्या पुढच्या स्ट्रटचे नळकांडे वर मोठ्या नटाने बंद असते आणि तो नट खोलला की आतले कार्ट्रिज बाहेर येते. ही या गाडीची मोठी सोय आहे. नट वर्षानुवर्षे गंजलेला असतो. पाइप पान्ह्याने त्याच्या कडा तासून टाकण्याऐवजी आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि खाचांत बसणारा हूक पाना करून घ्यावा.

अनेक गाड्यांचे स्ट्रट मात्र वरून दाबून कायमचे बंद केलेले असतात. त्यांच्या आत तेल आणि दाबाखालचा वायू असतो. असा बंद स्ट्रट कधीही वेल्ड करू नये. आतला दाब आणि तापलेले तेल मिळून तो बॉम्बसारखा फुटू शकतो, यात जराही अतिशयोक्ती नाही. दोन नळ्यांच्या साध्या स्ट्रटमध्ये दाब कमी असतो. डोळ्यांवर गॉगल चढवून, वर कापड धरून, अंगापासून दूर तोंड ठेवून लहान ड्रिलने छिद्र पाडून वायू सोडता येतो व मग तेल पूर्ण काढता येते. जास्त दाबाच्या एकनळी शॉकअपला हात लावू नये. शंका असेल तर ते काम रिबिल्ड करणाऱ्याकडे सोपवावे.

नळकांडे रिकामे झाले की आतून-बाहेरून डिझेलने धुऊन कोरडे करावे, रंग आणि गंज उघड्या धातूपर्यंत घासावा आणि व्हर्नियरने बाहेरील व्यास तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजावा. जुनी नळकांडी गोल असतात असे गृहीत धरू नये. लेथवर फिरवून डायल लावला की वाकलेली नळी लगेच कळते आणि वाकलेल्या नळीवर पुढचे कोणतेही काम करू नये.

बाही, कडी आणि बैठक

इथे दोन मते आहेत. एका पद्धतीत आटे असलेली पोलादी बाही सरळ नळकांड्यावर दोन्ही टोकांना वेल्ड करतात. दुसऱ्या पद्धतीत नळकांड्यावर फक्त एक आधारकडी वेल्ड करायची, बाही वरून सरकवून तिच्यावर टेकवायची आणि फिरू नये म्हणून खाली एका लहान स्क्रूने धरायची. मी दुसरीच पद्धत सांगेन. वेल्डिंगच्या उष्णतेने बाहीचे आटे वाकडे होत नाहीत, नळकांड्याला उष्णता एकाच ठिकाणी लागते आणि दहा वर्षांनी आटे गंजले तर बाही बदलता येते.

आमच्या नळकांड्याचा व्यास ५० मिलिमीटरच्या आसपास होता. बाहीचा आतला व्यास त्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर मोठा, बाहेरचा ५८, त्यावर २ मिलिमीटर अंतराचे आटे आणि लांबी १२० मिलिमीटर ठेवली. आट्यांची खोली सुमारे १.२ मिलिमीटर असते, त्यामुळे भिंतीत अडीच मिलिमीटरहून अधिक धातू उरतो. दोन चेक कड्यांची (आट्यांवर फिरणाऱ्या, वरची स्प्रिंग पेलणारी आणि खालची तिला जागेवर आवळणारी) मिळून ३० मिलिमीटर उंची वजा जाता ९० मिलिमीटरची सोय मिळाली. ती पुरेशीहून अधिक आहे. बाहीसाठी सीमलेस पाइप घ्यावा. आधारकडी कमी कार्बनच्या, सहज वेल्ड होणाऱ्या पोलादाची असावी. ई-एन-८ सारख्या अधिक कार्बनच्या पोलादाला वेल्डपूर्वी गरम करावे लागते आणि घाईत केले तर वेल्डशेजारी तडा जातो. चेक कड्या वेल्ड होत नाहीत, त्यामुळे त्या ई-एन-८ च्या केल्या तर उत्तमच.

हे काम मकरपुरा जी-आय-डी-सी या औद्योगिक वसाहतीतील एका लेथवर झाले. तिथले टर्नरकाका तीस वर्षे आटे पाडत आले आहेत. मी आटे घट्ट बसणारे मागितले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक कडी देऊन सांगितले, "अरे भाऊ, आज हाताने फिरते म्हणून खूश होऊ नको. रस्त्याची धूळ भरल्यावर फिरली पाहिजे. थोडी मोकळी ठेवतो, घट्ट तर चेक नट करतोच ना." त्यांचे म्हणणे मानले आणि दोन पावसाळ्यांनंतरही कड्या फिरतात. आट्यांच्या माथ्याची धारही त्यांनी बारीक कानशीने मोडून दिली. ती न मोडल्यास पहिल्याच वेळी हूक पाना घसरून आटा चिरडला जातो.

ज्या चेक कडीवर स्प्रिंगचे खालचे टोक बसते तिला स्प्रिंगच्या आत शिरणारा ६२.५ मिलिमीटर व्यासाचा खांदा असावा, म्हणजे स्प्रिंग मध्यावर राहते. वरची बैठकही अशाच खांद्याची, मूळ माउंटखाली बसणारी आणि मधले छिद्र शॉकअपच्या दांड्याच्या पायरीला बरोबर जुळणारे अशी वळून घ्यावी. स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग मोकळी फिरली पाहिजे, म्हणून माउंटमधले बेअरिंग चांगले असेल तर तेच ठेवावे आणि खरखरत असेल तर आधी ते बदलावे. रबर माउंट काढून गोलाकार सांध्याच्या कॅम्बर प्लेटा (चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बदलणाऱ्या) बसवण्याचा मोह अनेकांना होतो. धुळीत त्या काही महिन्यांत खडखडू लागतात आणि रस्त्याचा प्रत्येक खडा गाडीत ऐकू येतो. रोजच्या गाडीला रबरच बरे.

आधारकडीची जागा अशी काढावी : चालू उंचीला वरच्या बैठकीपासून २३५ मिलिमीटर खाली स्प्रिंगचे खालचे टोक येते. चेक कड्या त्या वेळी बाहीच्या मध्यापासून थोड्या खाली असाव्यात, म्हणजे पुढे स्प्रिंग थोडी बसली तर वर घेण्यास जागा राहते. टायर आणि कडी यांच्यात किमान ८ मिलिमीटर मोकळे राहते का, हे चाक लावूनच पाहावे.

वेल्डिंग

कडीवर येणारा भार ऐकायला मोठा वाटतो, पण ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीभोवती ३ मिलिमीटरचा सलग वेल्ड त्या भाराच्या कित्येक पट सोसतो. त्यामुळे "अजून थोडे भरा" असे सांगण्याची गरज नाही. खरी भीती अति उष्णतेची आहे. नळीची भिंत पातळ असते, आत कार्ट्रिज सरकायचे असते आणि वेल्डच्या कडेला चर पडला तर नळी तिथूनच तडकते. म्हणून टिग किंवा मिग (वायूच्या आवरणाखाली केलेले) वेल्डिंग वापरावे, समोरासमोर चार टाके द्यावेत, कडी गुणियाने तपासावी आणि मग २०–२५ मिलिमीटरचे तुकडे आलटूनपालटून समोरासमोर भरत जावेत. वेल्ड फक्त कडीच्या खालच्या बाजूने करावा, वरची बाजू बाही टेकण्यासाठी स्वच्छ राहते. पाणी ओतून थंड करू नये, आपोआप निवू द्यावे. ब्रेकच्या होजची लहान पट्टी मूळ स्ट्रटवर असते. ती कापली गेली असेल तर त्याच उंचीवर व त्याच कोनात परत लावणे विसरू नये, कारण सुटा होज टायरला घासतो.

गार झाल्यावर कार्ट्रिज आत सरकवून पाहावे. अडकले तर आत वेल्डचा फुगा आला आहे. तो घासून काढावा, कार्ट्रिज ठोकून बसवू नये. मग रंग आणि बाहीला झिंक प्लेटिंग.

कार्ट्रिज

नवे कार्ट्रिज निवडताना तीन मापे जुळली पाहिजेत : बाहेरचा व्यास नळकांड्यात शिरणारा, शरीराची लांबी नटाखाली बसणारी आणि दांड्याचा एकूण प्रवास आपल्या ७० अधिक ८० मिलिमीटरला पुरणारा. शरीर थोडे आखूड असेल तर तळाशी वळलेला पोलादी तुकडा ठेवता येतो. नट पूर्ण आवळल्यावर कार्ट्रिज वरखाली अजिबात हलता कामा नये. नटाचे आटे संपण्याआधी कार्ट्रिज घट्ट धरले जाते याची खात्री करावी. आत सरकवण्यापूर्वी नळकांड्यात थोडे इंजिन ऑइल सोडतात. त्यामुळे कार्ट्रिजची उष्णता बाहेरच्या नळीत जाते आणि आत गंज धरत नाही. तेल इतकेच असावे की कार्ट्रिज बसल्यावर ते नटापर्यंत चढणार नाही.

स्प्रिंगचा ताठरपणा मूळ स्प्रिंगपेक्षा पाव भागाहून जास्त वाढवला असेल तर परतीचा, म्हणजे दांडा बाहेर येतानाचा प्रतिकार वाढवता येणारे कार्ट्रिज घ्यावे. अन्यथा उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत राहते.

मागची बाजू

ॲस्ट्राच्या मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारी व पिळली जाणारी आडवी तुळई, आहे. स्प्रिंग बीमवर वेगळी बसते आणि शॉकअप वेगळा. इथे शॉकअपवर स्प्रिंग चढवून खरेखुरे कॉइलओव्हर करण्याची हौस अनेकांना असते. ते करू नये. शॉकअपच्या वरच्या माउंटजवळचा पत्रा फक्त शॉकअपचे धक्के सोसण्यासाठी घडवलेला आहे. गाडीच्या मागच्या भागाचे सगळे वजन तिथे टेकवले तर तो पत्रा हळूहळू फाटतो आणि जुन्या गाडीत तिथे आधीच गंज असण्याची शक्यता असते. योग्य रीत म्हणजे स्प्रिंग मूळ जागीच ठेवून तिच्याखाली आटे असलेला बैठकीचा तुकडा बसवणे. मूळ पिंपाच्या आकाराच्या स्प्रिंगा चांगल्या असतील तर त्याच ठेवाव्यात, कारण चार माणसे आणि डिकीत सामान भरले की त्या क्रमाने ताठर होत जातात. सरळ स्प्रिंगला ते जमत नाही. नव्या स्प्रिंगा लागल्याच तर चाक ५० मिलिमीटर उचलून स्प्रिंग किती दबते ते मोजावे आणि पुढचाच हिशेब करावा, फक्त झुलण्याचा दर पुढच्यापेक्षा दहा टक्के जास्त धरावा, म्हणजे उंचवट्यावर पुढची आणि मागची झुलणी लवकर जुळते.

जोडणी

पुढची चाके काढण्यापूर्वी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावी आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये. खालच्या आर्मला जॅकचा हलका आधार द्यावा, नाही तर नकल बाहेर कलून ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटतो. ब्रेकचा कॅलिपर तारेने बांधून ठेवावा, होजवर लोंबू देऊ नये. नकलला स्ट्रट धरणाऱ्या दोन बोल्टांभोवती रंगाची खूण करावी. जुना स्ट्रट उतरवताना मधला नट स्प्रिंग कंप्रेसर लावल्याशिवाय कधीही सोडू नये. दबलेली स्प्रिंग माणसाला जायबंदी करू शकते.

नव्या स्ट्रटमध्ये चेक कड्या पूर्ण खाली घ्याव्यात, म्हणजे स्प्रिंग जवळजवळ मोकळी बसते आणि कंप्रेसरची गरज पडत नाही. बंप स्टॉप, धुळीचा बूट, वरची बैठक, माउंट आणि मधला नट या क्रमाने जोडून, मग कड्या ठरलेल्या मापापर्यंत वर फिरवाव्यात. आट्यांवर तांब्याचे ग्रीस लावावे. सगळे बोल्ट गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळावेत, आणि नकलचे नट नवेच घ्यावेत.

खालच्या आर्मच्या रबर बुशांचे बोल्ट हवेत लोंबणाऱ्या गाडीवर आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी झाल्यावर, तिच्या रोजच्या उंचीला आवळावेत. नाही तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि सहा महिन्यांत फाटतो. हा एक मुद्दा सांगितलेला अनेक मेकॅनिकना आवडत नाही, पण नव्या बुशांचे आयुष्य त्यावरच अवलंबून आहे.

उंची आणि तपासणी

गाडी खाली उतरवल्यावर टायर आत ओढलेले राहतात, त्यामुळे लगेच घेतलेले माप खोटे असते. गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलून, प्रत्येक कोपरा दोनदा दाबून सोडावा आणि मगच चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजावे. आसनावरचे वजन विसरू नये. कडीचा एक फेरा म्हणजे बैठकीत २ मिलिमीटर आणि त्या कोपऱ्यावर साधारण २.१ मिलिमीटर. एक कोपरा उचलला की तिरप्या समोरच्या कोपऱ्यावरही भार वाढतो, म्हणून एकदम पाच फेरे न देता दोन-दोन फेऱ्यांनी, दोन्ही बाजू मिळून जुळवाव्यात. डावी-उजवी ५ मिलिमीटरच्या आत जुळली की रस्त्याच्या गाडीला पुरे. कडी फिरवताना चाक जमिनीवरून उचललेले असावे, भाराखाली आटे खरवडले जातात.

चेक कडी आवळून झाल्यावर व्हील अलाइनमेंट करावीच लागते. गाडी खाली आली की टो (वरून पाहता चाकांच्या पुढच्या कडा आत किंवा बाहेर वळलेल्या असणे) आणि कॅम्बर दोन्ही बदलतात. अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी दोन्ही बाजूंना दोरी ताणून टो ढोबळ जुळवता येतो. हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवावा.

पहिली फेरी हळू आणि जवळची असावी. पूर्ण लॉकवर वळवून कुठे घासते का, गतिरोधकावर काही आदळते का, जोरात ब्रेक लावल्यावर गाडी ओढते का, हे पाहावे. परतल्यावर आतल्या पत्र्यावर आणि टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवून ताजा ओरखडा आहे का ते पाहावे. मी नंतर हालोल रस्त्याने पावागढच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, कारण त्या वाटेवर चांगला आणि खराब दोन्ही प्रकारचा रस्ता मिळतो. १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासावेत, ५०० किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजावी. नवी स्प्रिंग या काळात थोडी बसते आणि तेवढी कडी वर घ्यावी लागते.

पावसाळ्याआधी आणि नंतर बाहीवरचा चिखल नरम ब्रशने धुऊन ग्रीस पुन्हा लावावे. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात हे करावे.

एक कायदेशीर बाजू. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे मांडले. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, म्हणजे जुनी गाडी अधिकाऱ्यांसमोर जाणारच आहे. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओत विचारणा करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे, मूळ स्ट्रट आणि स्प्रिंगा पुसून, तेल लावून कापडात गुंडाळून ठेवाव्यात. मोजणीची वहीही गाडीच्या कागदपत्रांसोबतच ठेवावी. पुढच्या वेळी स्प्रिंग बदलताना, अलाइनमेंट बिघडल्यावर किंवा गाडी दुसऱ्याच्या हाती देताना त्या वहीतले आकडेच उपयोगी पडतात.